त्याच्या डाव्या बाजूची खुर्ची

माझा धाकटा भाऊ सिनेमाचा संगीतकार होता. पडद्यावर शेवटी दुसऱ्याचं नाव आलं, ते मला कुणी सांगायला नको. मी सगळं डोळ्यांनी बघितलंय आणि कानांनी ऐकलंय. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण कानाच्या बाबतीत मी कुणाला हार जाणारा नाही. चौतीस वर्षं लेथ चालवली. दुसऱ्याच्या मशीनजवळून नुसता चालत गेलो तरी सांगायचो, बेअरिंग गेलंय, आठवडाभर टिकेल. आठवडाभरच टिकायचं. कान आमच्या घरातच आहे. मला लेथ मिळाली, त्याला व्हायोलिन, एवढाच काय तो फरक.

व्हायोलिनसुद्धा मीच मिळवून दिलं. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, मी सतराचा. आमच्या कारखान्यासमोर लाँड्री होती आणि तिच्या वरच्या खोलीत एक मास्तर व्हायोलिन शिकवायचे. हा माझा डबा घेऊन यायचा आणि जिन्यात ऐकत बसायचा, डबा तसाच गार. एक दिवस मी वर गेलो आणि मास्तरांना म्हणालो, याला शिकवा, तुमच्या खोलीची कडी, बिजागरी, पंखा, जे मोडेल ते मी नीट करून देईन. मास्तर हसले. पण त्यांचा पंखा खरंच बंद होता. अशी सुरुवात झाली.

विसाव्या वर्षी तो स्टुडिओत लागला. सिनेमाच्या रेकॉर्डिंगला तीस-चाळीस वाजवणारे लागतात. सकाळी जायचं, समोर कागद ठेवतात, तो आयुष्यात पहिल्यांदा बघायचा आणि लगेच वाजवायचा. सगळ्यांना जमत नाही. माझ्या भावाला असं जमायचं, जसं आपण पाटी वाचतो. कागदात लिहिणाऱ्याची चूक असली तर तिथल्या तिथे पेन्सिलीनं दुरुस्त करून शेजाऱ्याकडे सरकवायचा. म्हणून त्याचं नावच पेन्सिल पडलं. मोठमोठे संगीतकार विचारायचे, आज पेन्सिल आहे ना, मग चिंता नाही.

आता हुशारीची शिक्षा बघा. व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसायला कुणी तयार नसतं, कारण मागे हातभर अंतरावर ट्रम्पेटवाले. पुढच्यांचं ऐकू येत नाही, स्वतःचं तर नाहीच. तिथे पक्का माणूस लागतो. मग काय, पेन्सिलला मागे बसवा. एकोणीस वर्षं तो त्या रांगेत बसला. मी एकदा म्हणालो, पुढची खुर्ची माग की. तर म्हणाला, "दादा, तिथे मागायचं नसतं. काचेपलीकडून सांगतील तिथे बसायचं, सांगतील ते वाजवायचं. जो उलट विचारतो त्याला दुसऱ्या दिवशी बोलावणं येत नाही." हा नियम त्याला कुणी लिहून दिला नव्हता. त्यानंच पुढे तो कितीतरी नव्या वाजवणाऱ्यांना शिकवला.

डावा कान त्या खुर्चीत गेला. एका दिवसात नाही, वर्षावर्षानं. सगळे हेडफोन एका कानावर लावतात, त्यात ठोके ऐकू येतात, आणि दुसरा कान शेजाऱ्यांसाठी उघडा ठेवतात. हा हेडफोन मेलेल्या कानावर लावायचा, दिसायला, आणि पुढच्याचं कोपर बघून वाजवायचा. पाच वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. दुसरा कुणी असता तर पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. घरात मला आणि माझ्या भावजयीला फक्त ठाऊक.

संगीतकार झाला तो असा. एका सिनेमाचे शेवटचे दोन भाग बाकी होते आणि संगीत देणारा माणूस आजारी पडून दवाखान्यात. दिग्दर्शकानं विचारलं, कोण करेल? सगळ्यांनी शेवटच्या रांगेकडे बघितलं. यानं चार दिवसांत लिहून दिलं. नाव आलं नाही, पण तो दिग्दर्शक विसरला नाही. पुढे दोन लहान सिनेमांना 'साहाय्य' म्हणून खाली बारीक अक्षरांत नाव आलं. आणि मग, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याच दिग्दर्शकानं मोठा सिनेमा दिला. पूर्ण. एकट्याच्या नावावर.

ज्या आठवड्यात हे ठरलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, उजवा कानही चाललाय. वर्षभर धरा, कदाचित कमी. भावजय म्हणाली, दिग्दर्शकाला खरं सांगून टाका. तो म्हणाला, सांगितलं तर सिनेमा गेला. एकच करतो, पूर्ण करतो आणि मग कानाला म्हणतो, जा बाबा कुठे जायचं ते.

मग त्यानं मला बोलावलं. मी नुकतीच कामावरून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. काचेच्या अलीकडे, मोठ्या टेबलाशी संगीतकार बसतो आणि समोर दोन स्पीकर. डावीकडच्या स्पीकरमधून काय येतं ते याला नीट समजायचं नाही. "दादा, तू माझ्या डावीकडे बस. डावी बाजू जड झाली तर माझ्या गुडघ्यावर एकदा टिचकी मार, पातळ झाली तर दोनदा. आणखी काही खटकलं तरी सांग. मशीनमधलं ओळखतोस, तसं." स्टुडिओत सांगितलं, हा माझा मोठा भाऊ, याच्याशिवाय मला काम सुचत नाही. लोकांनी खुर्ची दिली, चहा दिला. मी इस्त्रीचा शर्ट घालून रोज त्याच्या डावीकडे. आणि सांगतो, एकही टिचकी चुकली नाही. आवाज मुद्रित करणारे साहेब एकदा म्हणाले, तुमच्या भावाचा डाव्या-उजव्याचा अंदाज अजब आहे. मी मान खाली घालून चहा प्यायलो. गप्प बसायला मला केवढा त्रास झाला ते माझं मला माहीत.

शूटिंगसाठी आधी लागणारा एक तुकडा झाला, आठ व्हायोलिनांचा. उत्तम. महिन्यानं पियानो रेकॉर्ड झाला. तोही उत्तम. त्यावर आता चोवीस व्हायोलिनं चढवायची होती, दोन दिवसांत, अकरा तुकडे.

पहिल्याच तुकड्याला भावानं थांबवलं. माइकवर म्हणाला, सगळे खाली आहात, सूर वर घ्या. वाजवणाऱ्यांच्या कानात पियानो चालू होता. पहिल्या खुर्चीवरचा पांढऱ्या केसांचा वादक, याच्याबरोबर वीस वर्षं वाजवलेला, त्यानं क्षणभर काचेकडे बघितलं. मग खुंटी किंचित पिळली. मागे सगळ्यांनी पिळली. पुन्हा वाजवलं. "अजून थोडं वर." पुन्हा पिळली.

आणि ते आलं. कसं सांगू. पियानो एकीकडे आणि व्हायोलिनं केसभर वर. लेथवर काम किंचित वाकडं बसलं की हत्यार कधी लागतं, कधी सुटतं, आणि एक कुरकुर येते जी दातात जाते. तशी. मला पहिल्या चार सेकंदांत समजलं.

मुद्रणवाल्या साहेबांनी हळूच विचारलं, पियानोशी जुळतंय ना? भाऊ म्हणाला, मी ऐकतोय. साहेब पुढे बोलले नाहीत. आत चोवीस माणसं होती, सगळ्यांचे कान शाबूत. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांना वाटलं, पेन्सिल कधी चुकतो का, काहीतरी नवं करत असेल. आणि नियम तर त्यानंच शिकवलेला.

भाऊ माझ्याकडे वळला. गुडघा पुढे केला नाही, नुसतं बघितलं. मागच्या सोफ्यावर निर्माता, त्याची बायको आणि त्यांचे चार पाहुणे बसले होते. दिग्दर्शक दारात उभा होता. एवढ्या माणसांसमोर लेथवाल्यानं वाकून संगीतकाराच्या कानात सांगायचं की तुझा सूर चुकतोय? माझ्या भावाची चूक चारचौघांत मी काढू? ज्याला मी खांद्यावर घेऊन फिरलो त्याची?

मी अंगठा वर केला.

दोन दिवसांत अकरा तुकडे झाले. मी दोन्ही दिवस टिचक्या मारत होतो, डावी बाजू जड, डावी बाजू पातळ. घरी सांगेन म्हटलं. घरी तो इतका खुशीत होता की नाही सांगितलं. भावजयीला म्हणत होता, व्हायोलिनं आज काय चकाकत होती. दुसऱ्या दिवशीही नाही सांगितलं. मग स्वतःलाच समजावलं, सिनेमात संवाद असतात, गाड्या असतात, कुणाला कळतंय.

दहा दिवसांनी दिग्दर्शकानं बोलावलं. पियानोवाली बाई होती, मुद्रणवाले साहेब होते, आणि कोपऱ्यात एक तरुण संगीतकार, कुणी ओळख करून न दिलेला. तुकडा लावला. भाऊ मान डोलवत ऐकत होता. संपल्यावर त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की कुणीच त्याच्याकडे बघत नाहीये. म्हणाला, काही खटकत असेल तर तुमचे स्पीकर बिघडलेत.

पियानोवाली उठली. फार मऊ स्वभावाची बाई. तिनं पियानोची एक पट्टी दाबली आणि म्हणाली, सर, एवढा सूर गाऊन दाखवता? यानं गायला. साहेबांच्या हातात सूर मोजायची छोटी पेटी होती, काट्याची. ती त्यांनी त्याच्यापुढे टेबलावर ठेवली. पियानोला काटा मध्यावर उभा राहत होता. भाऊ गायला की उजवीकडे, म्हणजे वरच्या सुराकडे, जात होता. त्यानं पुन्हा गाऊन बघितलं. डोळे मिटून गाऊन बघितलं, मग उघडले. काटा उजवीकडेच थरथरत होता.

त्यानं स्वतःच सांगितलं, आता व्हायोलिनं लावा. लावली. काटा तिथेच गेला, बरोब्बर त्याच्या गळ्याच्या जागी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आवाज बारीक होत जातील. जाणारा कान सूर खाली-वर करून ऐकवतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणायचा, सूर माझ्या कानात नाही, डोक्यात आहे. एवढ्या एकाच गोष्टीबद्दल त्याला कधी शंका आली नाही.

खाली उतरल्यावर फाटकाशी तो थांबला.

"दादा, तुला ऐकू आलं होतं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. म्हणालो, "हो."

"कधी?"

"पहिल्याच तुकड्याला."

"मग?"

"लोक होते रे. त्यांच्यासमोर तुझी चूक कशी काढू?"

त्यानं माझं वाक्य पुरं होऊ दिलं. मग म्हणाला, "मी तुला तिथे कशासाठी बसवलं होतं?" आवाज चढवला नाही. मला वाटतं, आपला आवाज किती मोठा आहे हेही त्याला नीट समजत नव्हतं. मग आम्ही घरापर्यंत चालत गेलो, तो दोन पावलं पुढे.

त्या तरुण माणसानं तीन आठवड्यांत सगळं नव्यानं केलं. वाजवणारे तेच चोवीस. पांढऱ्या केसांचा वादक एकदा घरी आला, हात जोडून उभा राहिला. भाऊ त्याला म्हणाला, तुम्ही बरोबर केलंत, मीही हेच केलं असतं. त्याला खुर्चीत बसवलं, चहा दिला. त्याच्यावर राग नव्हता. राग कुणावर होता हे घरात कुणी बोललं नाही.

चार महिन्यांत उजवा कान गेला. आता आम्ही पाटीवर लिहून बोलतो. भावजय झरझर लिहिते. माझं अक्षर मोठं, दोन शब्दांत पाटी भरते.

सिनेमा लागला तेव्हा मी पहिल्या दिवशी गेलो. मध्यंतराआधी पडद्यावर सिनेमातली बाई रिकाम्या घरात दिवे लावत फिरते, आणि तिथे तो वाजला, आठ व्हायोलिनांचा तुकडा. माझ्या भावाचा. तो त्यांनी काढला नव्हता; त्याच्यावरच शूटिंग झालेलं, काढताच आला नसेल. दोन मिनिटं दहा सेकंद. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, हे माझ्या भावाचं आहे. तो सरकून बसला. शेवटी नावं येऊ लागली, लोक उठायला लागले. मी रांगेच्या तोंडाशी पाय आडवे घालून बसलो, कुणाला जाऊ दिलं नाही. आलं नाव. अतिरिक्त संगीत, आणि पुढे तो. लहान अक्षरं होती, पण आमच्या घराण्यात आजवर कुणाचं नाव एवढ्या मोठ्या भिंतीवर आलं नव्हतं.

घरी येऊन पाटीवर लिहिलं: तुकडा आहे. नाव आहे.

त्यानं पाटी वाचली. मग विचारलं, "व्हायोलिनं सुरात होती?"

मी लिहिलं: हो.

ती खरोखर सुरात होती. मी चौतीस वर्षांचा कान पणाला लावून सांगतो, आठही, एकही केसभर इकडेतिकडे नाही. त्यानं माझ्या 'हो'कडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पाटी पुसली नाही, तशीच भावजयीपुढे धरली आणि म्हणाला, "तू जाऊन ऐकून ये."

तिनं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाचं तिकीट मीच काढून आणलं आणि तिच्या हातात ठेवलं.