आत्याबाईंची किडनी

"तुमच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. आता डायलिसिस, नाहीतर ट्रान्सप्लांट," पुण्यातले डॉक्टर म्हणाले. मी तर पायांची सूज दाखवायला गेले होते! लवळ्याच्या कॅन्टीनमध्ये दिवसभर उभ्यानं चपात्या लाटते, पाय सुजणारच, असं धरून चालले होते. तुम्ही तसं धरून चालू नका. क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनीनं गाळून टाकायची घाण रक्तात किती साचलीय, ते त्यात कळतं.

डायलिसिस म्हणजे मशीन रक्त बाहेर काढून धुतं आणि परत आत सोडतं. आमच्या माले गावाहून एसटीनं पुण्याला जायचं, तिथं मशीनला पडून राहायचं, घरी येऊन भिंतीला टेकायचं. लघवी जवळपास बंद, म्हणून पाणीही मोजून मापून. उन्हाळ्यात जीव नुसता पाणी पाणी करायचा. पोरं लहान. मला जगायचं होतं हो!

पण किडनी देणार कोण? माझी आई नाही, नवऱ्याला शुगर. तर सासू, म्हणजे आत्याबाई, शेरडांना पाला टाकता टाकता म्हणाल्या, "माजी घ्या की." ह्याच बाईशी माझं भाजीतल्या मिठावरून रोज वाजायचं! मला वाटलं, चेष्टा करतायत. पण तपासण्या झाल्या, रक्तगट जुळला. क्रॉसमॅचही चांगली आली, म्हणजे माझं रक्त त्यांच्या किडनीवर उलटणार नव्हतं.

कायदा सासूला जवळची नातलग धरत नाही. म्हणून नवऱ्यासकट आम्हा तिघांना अवयवदानाची परवानगी देणाऱ्या समितीपुढं बसवलं, समोर कॅमेरा.

"आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" समितीतल्या मॅडमनी विचारलं.

"मला दाबनार कोन? ह्यो?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बोट केलं. तो खाली बघायला लागला.

"मग सुनेला का देताय?"

आत्याबाई भडकल्याच. "सासूनं सुनेला छळायचं म्हनलं तर कुनी इचारत न्हाई. चांगलं करायचं तर एवढी चौकशी व्हय?"

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. परवानगी मिळाली.

ऑपरेशनच्या सकाळी मीच कच खाल्ली. आत्याबाईंनाच काही झालं तर? रडत म्हटलं, "आत्याबाई, नको, घरी जाऊ."

"गप ऱ्हा. किडन्या दोन हायेत माज्याकडं. पोरास्नी आई एकच हाय."

शुद्धीवर आले तेव्हा खाटेला अडकवलेल्या पिशवीत लघवी भरत होती. "किडनी टेबलावरच कामाला लागली," डॉक्टर म्हणाले. तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून नर्स हसत आली. आजींनी डोळे उघडून पहिलं काय विचारलं, तर "माजी सून मुतली का?"

हसताना टाके असे ओढले म्हणता! मग रडूच आवरेना.

डायलिसिसला माझ्या शेजारी असणारी ताई अजून वाट बघतेय. तिच्या घरचं कुणी जुळत नाही. कुणीतरी परकं घर, आपलं माणूस गेल्याच्या दुःखात, त्याचे अवयव द्यायला हो म्हणेल तेव्हाच तिला किडनी मिळणार. तिची गोष्ट ऐकल्यापासून आत्याबाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, "मी मेल्यावर डोळं, कातडं, चालंल ते द्या. कुनाचं नाटक चालायचं न्हाई."

सकाळी शेरडं सोडताना त्या आजही वाटेवरून ओरडतात, "झाली का गं?" आधी मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता मीही दारातून ओरडते, "झाली, आत्याबाई!"

मगच त्या पुढं निघतात.