भिंतीकडे तोंड केलेला तांब्या

सुमनआत्याच्या घरी आलेल्या बायका आधी आत्याकडे पाहत नसत, बैठकीतल्या फळ्यांकडे पाहत. चिखलीच्या त्या गल्लीत बाकी सगळ्यांकडे काचेच्या शोकेस आल्या होत्या, त्यांत प्लास्टिकची फुलं आणि बाहुल्या. आत्याच्या तीन फळ्यांवर मात्र पितळेच्या घागरी, गडू, तांबे, डबे ओळीनं उभे असत आणि प्रत्येकावर कोरलेलं देणाऱ्याचं नाव समोर असे. ज्याच्याशी आत्याचं बिनसे त्याचं भांडं ती काढून टाकत नसे. फिरवून ठेवी, नाव भिंतीकडे.

"भांडं काऊन फेकू? भांडण मानसाशी हाय, पितळेशी नाई," असं ती म्हणे.

तिच्या जावेचा डबा लग्नातल्या मानपानावरून तीन वर्षं असा भिंतीकडे होता. जाऊ येई, चहा पिई, डब्यावर एक नजर टाकी आणि निघून जाई. मग एकदा आत्या तापानं झोपली आणि जावेनं आठ दिवस भाकरी करून आणल्या. नवव्या दिवशी डबा समोर फिरला. दोघींपैकी एकीनंही त्यावर चकार शब्द काढला नाही, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची एकुलती बहीण. आम्ही डोणगावचे. अकरावीपासून डी.एड. होईपर्यंत मी तिच्याकडे राहिले. दिवाळीआधीच्या रविवारी सगळ्या फळ्या उतरवायच्या, चिंच आणि राख लावून भांडी घासायची, उन्हात पालथी घालायची आणि मग मांडायची. घासणं माझ्याकडे, मांडणं तिच्याकडे. मांडताना मी हात लावला आणि घाई केली की म्हणे, "खेटून ठिवू नको वं. दोन भांड्यायच्या मधात दोन बोटं जागा सोड. मानसाले लागते तशी भांड्यालेबी जागा लागते." उंच मागं, बुटकं पुढं आणि मधल्या फळीवर, नजरेसमोर, फक्त जिवाभावाच्या माणसांचं. तिथं माझ्या आजीची घागर होती आणि भावानं, म्हणजे माझ्या वडिलांनी, दिलेला हंडा होता.

शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी तिला तांब्या घेतला. 'सुमनआत्यास, नंदाकडून' असं कोरून घेतलं. आत्यानं आजीची घागर वीतभर सरकवली, तांब्या मध्ये ठेवला, मागं होऊन पाहिलं. "इथं कायतरी कमी हाय असं मले कवापासून वाटे," म्हणाली. त्या दिवशी मी फार खूश होते.

त्यानंतर चार वर्षांनी मी तिला फसवलं. आजोबांच्या सहा एकरांत तिचाही हिस्सा होता. तो वडिलांना आपल्या नावावर करून हवा होता. "बहिणी हक्क सोडतातच, साडीचोळी करू," ते म्हणाले, "पण आधी सांगितलं तर तिच्या घरचे फाटे फोडतील. तू सांग. तुझा शब्द ती मोडायची नाही." मी आत्याला सांगितलं की वारसांची नावं चढवायची आहेत, तुझंही चढेल. मला खरं काय ते माहीत होतं. हे स्पष्ट लिहिते, कारण पुढं नातेवाइकांनी 'पोरीला काय कळत होतं' म्हणून मला सोडवायची खटपट केली. पोरगी तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना बाहेर उभं करत होती.

कचेरीत कारकुनानं विचारलं, "बाई, कागद वाचून दाखवू?" आत्या म्हणाली, "कायले? माह्या भाचीनं वाचला ना. मास्तरीण हाय ते." आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं सही केली. परतीच्या एसटीत मला खिडकीजवळची जागा दिली आणि पिशवीतून काढून पेरू दिला. तो मी खाल्ला.

दोन महिन्यांनी तिच्या मुलानं सातबारा काढला आणि सगळं बाहेर आलं. मी दिवाळीआधी गेले तेव्हा माझा तांब्या भिंतीकडे होता. वडिलांच्या हंड्यावरचं नाव मात्र तसंच समोर. मला ते सहन झालं नाही. ज्याच्या सांगण्यावरून मी हे केलं, तो समोर आणि मी मागं? मी तसं बोलूनही दाखवलं.

"भावानं मांगतलं असतं तं तसंबी देल्लं असतं मी," आत्या शांतपणे म्हणाली. "तो लोभी हाय, हे मले लहानपणापासून ठाव हाय. त्याच्या हंड्यानं मले फसवलं नाई. तुह्यावर मी डोये झाकून सही केली, नंदे." मग म्हणाली, "चहा थंडा होऊन राह्यला. घे."

अकरा वर्षं तो तांब्या तसाच राहिला. मी दर दिवाळीला जाई, भांडी घाशी. आत्या हसे, बोले, माझ्या मुलीचे लाड करी. मांडायची वेळ आली की माझ्या हातून तांब्या घेई आणि स्वतः ठेवी, मधल्या फळीवर, त्याच जागी, पाठमोरा. जागा तिनं कधी बदलली नाही. तेच मला जास्त लागे.

मागच्या वर्षी तिचा फोन आला. आवाज ओढलेला होता. "माह्याच्यानं आता हात वर होत नाई. रविवारी ये. या खेपेले फळ्या तू मांड."

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्या म्हटलं ना."

मला अर्थ कळला. तरी त्या रविवारी मी गेले नाही. नव्या घरात शोकेस बसवायला सुतार यायचा होता, असं तिला सांगितलं. सुतार आलाही होता. पण खरं म्हणजे मी घाबरले. तांब्या हातात घेऊन तिच्यासमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. "पुढच्या रविवारी येते," म्हणाले. आत्या शुक्रवारी गेली.

तेरवीला गेले तर बैठकीतली सगळी भांडी लखलखीत आणि सगळीच्या सगळी पाठमोरी. आजीची घागर, वडिलांचा हंडा, जावेचा डबा, सगळी.

"सुतक फिटलं तं सारी धुतली न् फिरवली, ताई," सून म्हणाली. "नावं गावठी दिसते. आता कसं एकसारखं वाटते."

"माझा तांब्या आधी कसा होता गं? नाव समोर होतं का?"

ती विचारात पडली. "ध्यान नाई देल्लं बा. शेवटच्या हप्त्यात आईनं एकदा स्टूल मांगतला होता. मी देल्ला न् सैपाकात गेली. काय केलं त्यायनं, मले नाई माईत."

मी तांब्यापर्यंत हात नेला. फिरवणं एका क्षणाचं काम होतं, आणि तिथं मला अडवणारं कुणी नव्हतं. मी हात मागं घेतला आणि पंगतीत वाढायला गेले.