होडीवाल्याची ओळ

लतिका आगाशेला लखनौत कशाकशाचा वैताग यायचा ते सांगत बसलं तर दिवस पुरणार नाही. नवरा सुधीर बँकेत, त्याची बदली इथं झाली म्हणून सांगलीचं घर सोडून ती तेलीबागेत आली. इथे धड खोबरं मिळत नाही आणि पोर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. पण हे सगळं तिनं गिळलं असतं. घशात अडकली ती एक तबकडी.

ही तबकडी वसुधाकाकूंची. काकूंचे यजमान फौजेत होते, आणि सत्तरच्या सुमारास पुण्याहून येताना त्यांनी ती आणली होती. आठ गाणी, आणि आठही अशी की महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही पाठ. लखनौत मराठी कॅसेट कुठे मिळणार? मग तेलीबागेच्या बाजारात जयसिंगच्या दुकानातून प्रत्येक मराठी घरानं त्या तबकडीवरून आपापली कॅसेट भरून घेतली. घरात पाहुणा आला की चहाबरोबर तीच. बारशाला तीच, हळदीकुंकवाला तीच.

घोटाळा होता सातव्या गाण्यात. हे गाणं नदीकाठच्या होडीवाल्याचं. तिसऱ्या कडव्यात तो संध्याकाळपर्यंत वाट बघतो, मग होडी सोडतो आणि पलीकडे पोचतो. काकूंच्या तबकडीवर नेमका तिथेच ओरखडा. सुई उडी मारायची आणि होडी सोडण्याची ओळच गडप. होडीवाला वाट बघत बसलाय, आणि पुढच्या क्षणी पलीकडच्या काठावर उभा! आणि हाच ओरखडा घरोघरी कॅसेटमध्ये उतरला होता. लखनौतल्या अख्ख्या मराठी समाजाला गाणं असंच पाठ होतं, उडीसकट, ठेक्यात, एका सुरात. कुणाला काही खटकतच नव्हतं.

लतिकाला खटकायचं. तिचे वडील नाना, म्हणजे आत्माराम मास्तर, सांगलीत गाणं शिकवायचे. हे गाणं त्यांनी तिला मांडीवर बसवून शिकवलं होतं. लग्नाच्या वेळी ते एवढंच म्हणाले होते, "लांब जातेस. गाणं जाईल गं तुझं." ते वाक्य तिच्या डोक्यातून कधी गेलं नाही. आणि यंदा गणपतीत ते लखनौला येणार होते. मंडळाच्या समूहगीताची जबाबदारी लतिकाकडे, गाणं अर्थातच होडीवाल्याचं. नानांसमोर ते पुरं झालंच पाहिजे, नाहीतर त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

तिनं सांगलीहून धड कॅसेट मागवली आणि तालमीत सगळ्यांना ऐकवली. गाणं तिसऱ्या कडव्यापर्यंत आलं तसा सौरभ, मंडळातला कॉलेजचा मुलगा, मान हलवून म्हणाला, "आंटी, ये वाली खराब है. बीच में अटकती है."

"अटकत नाही! ही ओळ आहे त्यात!"

"हाँ, पण ओरिजिनलमध्ये नाहीये ना."

ओरिजिनल! लतिकानं कपाळावर हात मारून घेतला. वसुधाकाकू तर दुखावल्याच. "आमच्या ह्यांनी एवढ्या हौसेनं आणलेली, त्यात चूक असेल होय? तुमच्या सांगलीवाल्यांनीच वाढवलं असेल काहीतरी."

लतिकानं महिनाभर घसा फोडला. तोंडानं सगळे हो म्हणायचे आणि तिसऱ्या कडव्यात एकजात उडी मारायचे. बाहेरचा राग घरी पूर्वावर निघायचा. आठ वर्षांची पोर गृहपाठाला बसली की लतिका पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "म्हण ती ओळ!" पूर्वा म्हणायची, मग वही आपटायची. "मम्मी, आप पागल कर दोगी मुझे." सुधीर पेपरात तोंड खुपसून बसायचा. त्याचाही राग यायचा.

गणपतीचा तो दिवस आला. हॉल भरला होता. नाना पहिल्या रांगेत, धुतलेलं धोतर, मांडीवर हात. लतिका पेटीवर, समोर पोरं, त्यांत पूर्वाही. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला लोक आपोआप गाऊ लागले, सगळ्यांचंच गाणं ते. तिसरं कडवं आलं तसा तिनं जीव मुठीत धरला. होडीवाला वाट बघत बसला, संध्याकाळ झाली, सगळा हॉल एका सुरात पुढे सरकला आणि उडी मारून थेट पलीकडच्या काठावर पोचला.

लतिकाही पोचली. तिची बोटं, तिचा गळा, सगळं त्यांच्याबरोबर. सहा वर्षं तीच कॅसेट कानांवर पडत होती, तिनं दगा दिला. हे कळेपर्यंत पुढचे दोन शब्द गाऊनही झाले होते.

मागे एकच आवाज राहिला. पूर्वा होडी सोडत होती. हॉल गोंधळून थांबला, पोरं तिला कोपरानं ढोसत होती, पण ती आईकडे रागानं बघत ओळ पुरी करूनच थांबली. पुढची ओळ नानांनी उचलली, मांडीवर ठेका धरून, आणि मग सगळे पुन्हा त्यांच्यामागे आले.

कार्यक्रम संपल्यावर पूर्वा तरातरा पेटीपाशी आली. "इतने दिन मेरी जान खाई, और खुद ही भूल गईं!"

नाना वाकून नातीला म्हणाले, "कुणी शिकवलं गं हे तुला?"

पूर्वानं आईकडे एक जळजळीत नजर टाकली. "आईनं," ती म्हणाली. 'आई' म्हणाली ती, 'मम्मी' नाही. नानांनी लतिकाकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. लतिकाला रडू फुटत होतं, आणि स्वतःचा इतका संताप आला होता की ते नीट फुटतही नव्हतं.

तेवढ्यात वसुधाकाकू प्रसादाची वाटी घेऊन आल्या. "झकास झालं हो! पूर्वा तेवढी एका ठिकाणी चुकली. लहान आहे, शिकेल."

"पूर्वा नाही काकू," लतिका डोळे पुसत म्हणाली, "मी चुकले."

काकूंनी मायेनं तिच्या हातात वाटी दिली. "छे गं! तू तर आज पहिल्यांदाच अगदी बरोबर म्हटलंस."