डेटलेफ जाळ्या तपासायचा

डेटलेफ ब्रुन्सला मी ओळखत होतो, असं म्हणणं जरा जास्तच होईल. बरीच वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही दोघं एकाच मैदानावर असायचो. मी चुन्याच्या रेषा मारायचो, तो गोलाच्या जाळ्या चाचपायचा. पण त्याला भाऊ आहे हेसुद्धा मला त्याला पुरताना कळलं. भाऊ ब्रेमेनला दातांचा डॉक्टर आहे. डेटलेफनं कधी त्याचं नावही काढलं नव्हतं.

त्याच्याविषयी लिहायला मला हायोनं सांगितलं. "तूच लिही, ओनो. तू निदान गप्प बसून त्याच्याकडे बघायचास तरी. बाकीचे नुसते बोलायचे." हायो आमच्या क्लबच्या खानावळीचा मालक. मला लिहायची सवय नाही. मैदान भिजल्यामुळे आज सामना नाही, अशी पाटी दारावर लावणं एवढंच माझं लेखन. चुकलं तर हायो सांगेल.

डेटलेफ मूळचा आमच्या विटेनझील गावचा नव्हे, कालव्यापलीकडच्या नॉर्डरफेनचा. दूधसंघात कामाला होता आणि फुटबॉल खेळायचा. पाय बरे होते, डोकं त्याहून बरं. मोठ्या संघांच्या नजरेत भरण्याएवढा मात्र नव्हता. नॉर्डरफेन आणि विटेनझील एकाच गटात खेळायचे आणि एकमेकांना पाण्यात पाहायचे. एका मे महिन्यात हंगामाचा शेवटचा सामना नॉर्डरफेनच्या मैदानावर या दोघांतच आला. हरेल तो खालच्या गटात जाणार होता.

त्या दिवशी खरं काय घडलं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. बरोबरी चालली होती. शेवटी शेवटी डेटलेफनं डोक्यानं चेंडू मारला. तो खांबाच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळीला भोक होतं त्यातून आत शिरला आणि गोलात जाऊन पडला. रेफ्री लांब होता. त्यानं धावत येऊन डेटलेफलाच विचारलं, "आत गेला ना?" आमच्याकडे असं विचारतात, आणि खेळाडूनं खरं सांगायचं असतं. डेटलेफनं मान हलवली. हो.

आमचा गोलकीपर होता हायो. तो ओरडत धावत आला, "बाहेरून आलाय! भोक आहे तिथे!" आणि त्यानं रेफ्रीची कॉलर धरली. तोवर नॉर्डरफेनची माणसं नाचत जाळीला लोंबकळली होती. जाळी खाली आली. भोक कुठलं आणि काय, कोण बघणार? गोल धरला गेला आणि आम्ही खालच्या गटात गेलो. हायोवर वर्षभराची बंदी आली. पण त्याला लागलं ते दुसरंच. त्याचा बाप फोलकेर्ट क्लबचा अध्यक्ष होता. सगळ्यांसमोर तो म्हणाला, "हरलास तर हरलास. वर खोटं कशाला बोलतोस?" बंदी संपल्यावरही हायो पुन्हा गोलात उभा राहिला नाही. बापलेक एकाच घरात राहिले, पण त्या सामन्याविषयी पुन्हा अक्षर बोलले नाहीत.

डेटलेफचा मात्र पेपरात फोटो आला. त्याच उन्हाळ्यात बऱ्याच वरच्या, तिसऱ्या गटातल्या एका संघानं त्याला बोलावून घेतलं. तिथे तो गुडघा जाईपर्यंत खेळला. मग कोचची परीक्षा देऊन गावोगावचे संघ घडवत फिरला. एकदोन संघ वरही नेले. आमची तेवढ्यात वाट लागली होती. अगदी तळाच्या गटात आलो होतो, आणि रविवारी अकरा माणसं जमवायची म्हणजे कुणाच्या तरी मेव्हण्याला झोपेतून उठवावं लागायचं. अशात डेटलेफनं आपणहून फोन केला. कोच हवाय का?

लोकांना हसावं की रडावं कळेना. "ज्यानं बुडवलं तोच आता पोहायला शिकवणार!" असं कुणीतरी म्हणालं. हायो पेले पुसत राहिला. फोलकेर्ट तेव्हा नुकताच वारला होता.

कोच म्हणून तो चांगला होता. ओरडायचा नाही. आमच्या एका पोरानं एकदा खोटंच लोळण घेऊन पेनल्टी मिळवली, तर पेनल्टी मारायच्या आधी डेटलेफनं त्याला बाहेर बोलावलं आणि उरलेला सामना बाकावर बसवला. सामना हरलो. पोरं दोन आठवडे फुगून बसली होती.

सामन्याआधी तो जाळ्या तपासायचा. आपल्या मैदानावर तर तपासायचाच, पण पाहुणे म्हणून गेलो तरी तेच. आधी आडव्या दांड्याचे हुक, मग मागची बाजू, मग दोन्ही कडा. बोटांनी एकेक घर ओढून बघायचा. आमचा गाव समुद्राकाठचा, तेव्हा चेष्टा ठरलेली. "आला कोळी! कोच, आज किती मासे लागले?" "अरे, मासे राहू दे, निदान एक गोल तरी लागू दे!" तो नुसता हसायचा. आम्हाला वाटायचं, खेळाडूंचं असतं तसं एखादं खूळ असेल.

आणखी एक. सामना संपला की सगळे हायोकडे जेवायचे. डेटलेफ दाराशी उभ्याउभ्याच सॉसेज खायचा. हायोच्या हातची बिअर त्यानं कधी घेतली नाही. खुर्ची पुढे केली की म्हणायचा, "गुडघा दुखतो, उभाच बरा." दुखरा गुडघा घेऊन माणूस उभा कशाला राहील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

फेब्रुवारीत आमच्याकडे हिरव्या कोबीची पायपीट असते. हातगाडीवर बाटल्या, प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेला छोटा पेला, आणि थंडीत बांधावरून चालत चालत हायोच्या खानावळीत. तिथे कोबी, बटाटे आणि सॉसेज पोट फुटेस्तोवर खायचे. मग जुना, म्हणजे गेल्या वर्षीचा, कोबीराजा नवा राजा निवडतो आणि त्याच्या गळ्यात रिबिनीला लावलेलं डुकराच्या जबड्याचं हाड घालतो. राजानं भाषण करायचं. विटेनझीलमध्ये ते भाषण शंभर टक्के खोटं असावं लागतं. जेवढी थाप मोठी तेवढा टेबलांचा धडधडाट मोठा.

त्या वर्षी जुना राजा होता हायो. तो हाड घेऊन उठला आणि सरळ दाराशी गेला. "हा माणूस माझ्या घरात आजवर बूड टेकून जेवलेला नाही. राजा झाला की बसावं लागतं!" असं म्हणून त्यानं हाड डेटलेफच्या गळ्यात अडकवलं.

डेटलेफ पांढराफटक पडला. मग हळू आवाजात म्हणाला, "त्या सामन्यात मी गोल केलाच नव्हता. चेंडू बाहेरून, भोकातून आत आला. मला दिसलं होतं. रेफ्रीनं विचारलं, आणि मी हो म्हणालो. हायो खरं बोलत होता."

अख्खी खानावळ हशानं फुटली. टेबलं बडवली गेली. "वा रे राजा! या वर्षीची थाप!" "मग चंद्रावरही तूच गेला होतास काय?"

"खरं सांगतोय," डेटलेफ म्हणाला. हशा दुप्पट झाला, कारण प्रत्येक राजा हेच म्हणतो. तो गळ्यातलं हाड धरून तसाच उभा होता. एकटा हायो हसला नाही. भांडी उचलून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन गोठली आहे का ते बघायला मी मैदानावर गेलो होतो. हायो मागच्या दाराशी रिकाम्या बाटल्यांची खोकी रचत होता. डेटलेफची गाडी आली. मी तिथून निघायला हवं होतं, पण हातात कुदळ घेऊन उभाच राहिलो.

"काल मी जे..."

"ऐकलं."

"ती थाप नव्हती, हायो."

"ते तू मला सांगतोस? गोलात मीच उभा होतो."

"मी तुझी माफी..."

"माझी कशाला? म्हाताऱ्याला सांगायचं होतंस." हायोनं हातातलं खोकं खाली ठेवलं. "'पोरा, तू खरा होतास', एवढं एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं मला. आता कोण म्हणणार ते?"

डेटलेफ म्हणाला, "मी आलो तेव्हा ते गेले होते."

"ठाऊक आहे. खांदा मीच दिला." हायोनं नाक पुसलं. "असा खांबासारखा उभा राहू नकोस. ती खोकी उचल."

दोघांनी खोकी आत नेली.

विचारेल त्याला डेटलेफ तेच सांगत राहिला, तरी ती थाप नव्हती हे गावाला कळायला काही दिवस लागले. मग मात्र रान पेटलं. नवा अध्यक्ष हायोला विचारायला आला, "ठेवायचा की हाकलायचा?"

"अकरा माणसं जमत नाहीत आणि बाराव्याला हाकलायला निघालात!" हायो म्हणाला. तेवढ्यावर मिटलं.

पुढच्या सामन्याला डेटलेफ नेहमीसारखा एका जाळीशी होता. हायो एप्रन न काढताच खानावळीतून आला आणि दुसऱ्या गोलाची जाळी चाचपू लागला.  त्या दिवसापासून डावा गोल हायोचा आणि उजवा डेटलेफचा झाला. डेटलेफ बसून जेवायलाही लागला, दारालगतच्या खुर्चीवर, अर्ध्या बुडावर.

मी एकदा धीर करून विचारलं, "आता हलकं वाटतं ना?"

तो बराच वेळ हुकाशी खटपट करत राहिला. "नाही, ओनो. आधी निदान वाटायचं, सांगितलं की सुटेन. आता सांगूनही झालं." फोलकेर्टच्या थडग्यावर अधूनमधून ताजी फुलं दिसायची. ती हायोची नव्हती. त्या फुलांविषयी मी डेटलेफशी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं का, मला अजून कळत नाही.

गेल्या ऑक्टोबरात, एका शनिवारी पहाटे, तो झोपेतच गेला. आदल्या दिवशी संध्याकाळी सराव संपवून तो गाडीत बसत होता आणि मी चुन्याची गाडी धूत होतो.

"डेटलेफ, डाव्या गोलाचे दोन हुक तुटलेत."

"हायोला सांगितलंस?"

"सांगितलं. उद्या बसवतो म्हणाला."

"मग झालं," तो म्हणाला. "रविवारी भेटू."

"भेटू."