आधी चुकीला नाव द्या

तर्जनी वर करून, चष्म्यावरून बघत सर म्हणायचे, "थांबा. आधी चुकीला नाव द्या, मग माणसाला."

सेलूच्या आमच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे आणि मी कारकून. तुम्ही म्हणाल, चूक म्हणजे चूक. सरांपुढं असं म्हणायची छाती जिंतूरपासून चुडाव्यापर्यंत कुणाची नव्हती. माझ्या हातून चहा सांडला, की फडकं यायच्या आधी निकाल यायचा: "फंबल. हात घसरला, माणूस न्हाई." जमत नसलेलं काम अंगावर घेऊन गोंधळ घातला, तर बंगल. दुरुस्त करायला घेऊन होतं तेही घालवलं, तर बॉच. आणि ब्लंडर? "माहीत असून खड्ड्यात पाय घातला, की ब्लंडर. त्याला अक्कल लागते."

शाळेचं घड्याळ बंद होतं. त्यामुळं आमचा शिपाई बाबूराव पेपर सुटायची घंटा दुपारच्या गाडीच्या शिट्टीवर द्यायचा. गाडी रोज अर्धा तास उशिरा, पण इतकी नेमानं, की सूर्यानं तिच्यावरून वेळ लावून घ्यावी. खिशात मोबाइल होता. पण भरवसा गाडीवर.

आणि दहावीच्या सराव परीक्षेत, गणिताच्याच पेपरला, ती गाडी वेळेवर आली. घंटा अर्धा तास आधी झाली.

पोरं नाचत बाहेर, पालक भांडत आत. मुख्याध्यापकांनी मला संस्थेला पाठवायचा अहवाल सांगितला: शिपायाचा ब्लंडर, कामावरून काढावं. बाबूराव घंटेची हातोडी घेऊन दारात उभा.

सरांनी कागद वाचला. बोट वर. "गाडी आज वेळेवर येणार, हे बाबूरावला माहीत होतं?"

"गाडीलासुद्धा माहीत नव्हतं," मुख्याध्यापक म्हणाले.

"मग ब्लंडर कसा?" सरांनी खिशातून तीन स्क्रू काढून टेबलावर ठेवले. "सुट्टीत घड्याळ मी उघडलं होतं. परत जोडल्यावर हे उरले. बॉच हाय, अन् माझा हाय. तसं लिहा."

मी तसं टाईप केलं. बाबूरावची नोकरी राहिली. सरांच्या कोऱ्या सेवापुस्तकात, निवृत्तीला चार महिने असताना, पहिला शेरा पडला.

निवृत्तीनंतर सर कायमचे लेकीकडं निघाले, त्याच दुपारच्या गाडीनं. आम्ही सगळे हार-पेढे घेऊन, गाडीच्या सवयीप्रमाणं, निवांत अर्ध्या तासानं स्टेशनावर पोचलो. फलाट रिकामा. गाडी वेळेवर येऊन सरांना घेऊन गेली होती.

चहावाला म्हणाला, "मास्तर लय वेळ रस्त्याकडं बघायले होते. गाडी हलली तसं दारातून बोट वर करून कायतरी म्हणले. ऐकू आलं न्हाई."

बाबूराव हार मांडीवर घेऊन बाकावर बसला. "आपल्याला तर माहीत होतं, ही गाडी कधी वेळेवर बी येती," तो म्हणाला. "ब्लंडर."

नाव अगदी नेमकं होतं. शाबासकी द्यायला तेवढे सर नव्हते.