पूजेच्या दिवशी थांबलेला पंप

शालिकराम भोयरांनी सगळी नोकरी पोलाद प्लांटच्या मशीन शॉपमध्ये लेथवर काढली. भंडाऱ्याकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून ते भिलाईला आले, कॅंप-१ वस्तीत भाड्यानं राहिले आणि निवृत्तीच्या आधी बोरसीत घर बांधलं. माणूस तसा अबोल, पण मशीनशी बोलणारा. सप्टेंबरातल्या विश्वकर्मा पूजेला, यंत्रांच्या सणाला, त्यांची लेथ पुसून, तेल देऊन, बंद करून हळदीकुंकवानं सजवलेली असायची. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस तरी बसू द्यावं, यात त्यांना देवधर्मही दिसे आणि माणुसकीही.

त्यांची लेक गीतांजली डॉक्टर झाली, पण रोगी तपासणारी नव्हे. पोस्टडॉक म्हणजे काय, हे शेजारणींना समजावून तिची आई भागीरथाबाई थकल्या होत्या. शेवटी, "शिकणं सरलं, नोकरी लागली नाही, मधातलं काही तरी हाय" एवढं सांगून मोकळ्या व्हायच्या. त्या मधल्या कामाची मुदत डिसेंबरात संपणार होती. तोवर प्रयोग पुरा झाला तर पुढचं दार उघडणार, नाही तर सगळं पाण्यात.

यंदा पूजेच्या दिवशी तिच्या संस्थेत घरच्यांना आत येऊन काम बघायची मुभा होती. शालिकराम इस्त्रीचा शर्ट घालून, झेंडूचा हार आणि नारळ घेऊन आले. गीतांजलीनं त्यांना पेशी उबेत ठेवणाऱ्या कपाटाच्या काचेतून तिची चिप दाखवली. पोस्टाच्या तिकिटाएवढा पारदर्शक रबराचा तुकडा, त्यात केसासारखी बारीक वाट.

"हे नस आहे, बाबा. माणसाचीच. नवीन जन्मलेल्या लेकराच्या नाळेतून पेशी घेतो, त्याच्या माईले विचारून. त्या ह्या वाटेत आतून अस्तरासारख्या बसतात."

"अन हे लाल पाणी?"

"त्यांचं जेवण. पंप ढकलून राहिला न, रक्तासारखं. साखर वाढली का अस्तराचं काय होते, ते पाहून राहिलो आमी. कपाटाले हात नका लावू बरं, आतली गरमी जाते."

एवढ्यात तिला खाली पूजेच्या तयारीला बोलावलं.

शालिकरामांनी कपाटाला हात लावला नाही. पण पंप बाहेर टेबलावर होता. लहानसा, इमानी, एका सुरात कुरकुरणारा. रात्रंदिवस चालून राहिलं बिचारं, त्यांना वाटलं, आजच्या दिवशीही कोणी विचारलं नाही त्याला. त्यांनी बटण दाबलं. रुमालानं धूळ पुसली, कुंकवाचं बोट लावलं, हार घातला, हात जोडले. मग समाधानानं खाली आरतीला गेले. आरतीनंतर प्रसाद, मग भाषणं. बराच वेळ गेला.

वर आल्यावर गीतांजली दारातच थांबली. पंपाची कुरकुर ऐकू येत नव्हती. तिनं हार काढून बाजूला ठेवला आणि पंपातून कपाटात जाणारी नळी उजेडात धरली.

"बाबा, कधी बंद केला?"

"आरतीच्या आधी. पूजेले मशीन बंदच ठेवा लागते न, बाई."

थांबलेल्या नळीत हवेचे बुडबुडे जमले होते. पंप चालू केला तर ते त्या केसाएवढ्या वाटेत शिरणार आणि अस्तर खरवडून काढणार. चालू नाही केला तर पेशी उपाशी. नळीच्या चिमुकल्या तोटीला सुई लावून तिनं एकेक बुडबुडा ओढला. शालिकराम श्वास धरून बघत होते. मग तिनं पंप सुरू केला. शेवटचा एक बुडबुडा, ज्वारीच्या दाण्याहून लहान, नळीच्या वळणात लपलेला होता. तो चमकत सरळ कपाटाकडे गेला.

"गेला," ती म्हणाली.

तिनं चिप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि नंतर बापाला बघू दिलं. कडेच्या पेशी वाऱ्यानं एका दिशेला कललेल्या धानासारख्या पडल्या होत्या. मधोमध मात्र मोकळी जागा, गुरं शिरून गेल्यावर शेतातली धानाची बांधी दिसते तशी.

"बंद कराचं नव्हतं का?"

"नाही, बाबा."

तेवढ्यात तिच्या वरिष्ठ, सुजाता मॅडम, प्रसादाचा द्रोण हातात घेऊन आल्या. सूक्ष्मदर्शक लावलेला पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"काय झालं गं?"

"वरची लाइट गेली होती, मॅडम. पंप थांबला."

शालिकरामांनी चमकून पोरीकडे पाहिलं. तिची नजर जमिनीत होती.

"मग कपाटही थंड झालं असेल?"

"...हो."

मॅडमनी द्रोण खाली ठेवला. "आता तापमानाचा आकडा बरोबर दिसतोय, पण मधे किती उतरला कोण सांगणार? मग आतलं काहीच वापरता येणार नाही. बियाण्याच्या बाटल्याही टाक."

बियाण्याच्या बाटल्या म्हणजे त्याच नाळेच्या राखून वाढवलेल्या पेशी. नवीन मिळवायच्या तर पुन्हा दवाखान्याच्या परवानग्या, पुन्हा महिने. डिसेंबर तर तोंडावर आलेला. गीतांजलीनं कपाटातून बाटल्या बाहेर काढल्या. झाकणावर हात ठेवून तिनं बापाकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली. बोलू नका.

शालिकरामांनी बाटल्यांकडे पाहिलं. बोललो तर पोरगी मॅडमसमोर खोटी ठरते. गप्प राहिलो तर तिच्या हातानं तिचंच काम मोरीत जाते. शॉपमध्ये कोणी मशीन बंद केली की बटणावर आपल्या नावाची पाटी लटकवावी लागे. ती पाटी त्याच्याशिवाय कोणी काढायची नाही. त्यांनी जन्मभर आपलं नाव लावलं होतं आणि आपल्या हातानं काढलं होतं.

"मॅडम, थांबा. लाइट गेलीच नाही. कपाट चालूच होतं. पंप म्या बंद केला. पूजा होती म्हणून."

मॅडमनी पंपावरचं कुंकू पाहिलं, मग हार. "काका, तुम्ही इकडे बसा." मग गीतांजलीकडे वळून हळूच म्हणाल्या, "बाबांना वाचवायला गेलीस, समजलं. पण मी आत्ता काय टाकायला लावत होते, ते कळलं का?"

"कळलं, मॅडम."

"हा प्रयोग बाद. बाटल्या परत ठेव, चांगल्या आहेत. नवी चिप लाव. आणि यापुढे तुझा प्रत्येक आकडा मी माझ्या डोळ्यांनी बघणार. वाईट वाटून घ्यायचं असेल तर घे."

त्या गेल्या. गीतांजली बाटल्या आत ठेवत राहिली.

"कावून बोलले तुमी?" तिनं पाठमोरंच विचारलं.

"तू ते झाकण उघडून राहिली होती."

तिनं शेवटची बाटली आत ठेवून कपाट लावलं. मग नवा तुकडा काढून उजेडात धरला. "डिसेंबरात होईन का नाही, मले नाही माहीत. आजच ह्यात पेशी भरतो. तुमी घरी जा. आईले सांगा, जेवाले नाही येत."

शालिकराम रस्त्यावर आले. चौकातल्या मांडवात भोंगा जोरात वाजत होता. त्यांनी भागीरथाबाईंना फोन लावला.

"दाखवलं का पोरीनं तिचं मशीन? कसं हाय?"

"म्या बंद पाडलं."

"काय? आयकू नाही येऊन राहिलं. कोणं बंद पाडलं?"

पूजेला निघालेली माणसं बाजूनं जात होती. शालिकरामांनी दुसऱ्या कानावर हात दाबला आणि जन्मात कधी बोलले नव्हते एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "म्या. म्या बंद पाडलं, भागीरथा. तुह्या नवऱ्यानं."