डोंगरावरचा धूर आणि सरांचे ‘कशावरून?’

प्राध्यापक विनायकराव रानवडे सरांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार नाही, म्हणून आरंभीच वाचकांची क्षमा मागते. निवृत्तीनंतर सर भोरच्या महाविद्यालयात मानधन न घेता तर्कशास्त्र शिकवीत. त्यांच्या शेवटच्या तुकड्यांपैकी एकीतली मी विद्यार्थिनी. संपादकांनी आग्रह केला आणि सरांची एक अटही कळवली: पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे. ती पाळण्याचा प्रयत्न करते.

पहिली ओळख माझ्या उशिरामुळे झाली. माझ्या गावची, हिर्डोशीची एसटी रखडली होती आणि मी तास सुरू झाल्यावर दारात उभी राहिले.

“का उशीर?”

“घाटात दरड पडली, सर.”

“कशावरून?”

“कंडक्टर म्हणाले.”

“मग दरड पडली असं नका सांगू. कंडक्टर म्हणाले, असं सांगा. बसा.”

वर्ग हसला. पण माणूस एखादी गोष्ट मानतो आणि त्याला ती ठाऊक असते, या दोहोंमध्ये अंतर असते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. सर म्हणत, मत खरे निघाले तरी त्याला आधार नसेल, तर तो नेम नव्हे, लागलेला खडा आहे.

या अंतराची किंमत मला दुसऱ्या वर्षी समजली. परीक्षेत अनुमानाचे स्वतःचे उदाहरण मागितले होते. मी लिहिले: ‘चैत्रात डोंगरावर धूर दिसला, तर तिथे राब भाजत आहेत असे समजावे.’ भात-नाचणीची रोपे टाकण्यापूर्वी आमच्याकडे पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. माझ्याच गावच्या सुरेखानेही हेच उदाहरण जवळजवळ याच शब्दांत लिहिले होते. तपासणारे प्राध्यापक बाहेरगावचे. पुस्तकात नसलेले उदाहरण दोघींना सुचते, याचा अर्थ त्यांनी नक्कल असा लावला. आरोप सिद्ध झाला असता, तर दोघींचेही वर्ष गेले असते. माझ्या बाबतीत बहुधा शिक्षणच थांबले असते, कारण घरी लग्नाची बोलणी दाराशी येऊन थांबली होती.

माझे वडील, आबा, सरांना भेटायला आले. मी शेजारी उभी होते.

“सर, आमची पोर तसली न्हाई, येवढं तुमी सायबांना सांगा की.”

“मलाही तसंच वाटतं, आबा.”

“मग झालं तर! तुमचा शबुद कोन मोडतंय?”

“तेच नको आहे. आज माझ्या वाटण्यावर ती सुटली, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या वाटण्यावर अडकेल.”

आबा वाटेत म्हणाले, “लई शिकलेला मानूस, पन उपेग काय?” मलाही तेव्हा दुसरे काही वाटले नाही.

त्याच आठवड्यात सर एसटीने हिर्डोशीला आले. सत्तरी गाठलेले गृहस्थ भर उन्हात दारोदार एकच प्रश्न विचारीत फिरत होते: समोरच्या डोंगरावर धूर दिसला, तर काय समजायचे? शाळकरी पोरे एका सुरात ओरडली, “राब!” अंगणात बसलेल्या शेजारच्या सखूआत्यांनी त्यांना पुरते न्याहाळले.

“मास्तर, तुमी काय समजला आस्ता?”

“आग लागली, असं.”

“आन् कळशी घिऊन पळाला आस्ता! बसा, पानी प्या आधी.”

सर मोठ्याने हसले. त्यांना तसे हसताना मी त्या एकदाच पाहिले.

त्यांनी महाविद्यालयाला दिलेला अभिप्राय तीन वाक्यांचा होता. हे उदाहरण साऱ्या गावाचे असल्याने सारखेपणावरून नक्कल सिद्ध होत नाही. नक्कल झाली नाही, हेही त्यावरून सिद्ध होत नाही. म्हणून दोघींची स्वतंत्र तोंडी परीक्षा घ्यावी. ते दुसरे वाक्य मला फार लागले. तोंडी परीक्षेच्या दिवशी सर आत आले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आम्ही दोघी उत्तीर्ण होऊन बाहेर आलो, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “चला, गाडी चुकेल.” स्टँडवर गाडी हलेपर्यंत ते उन्हात उभे होते. आमच्यासोबत आलेल्या आबांनी खिडकीतून हात जोडले.

रानवडे सरांनी हिला वाचवले, असे गावात म्हणतात. हे ऐकलेले. मी पाहिले ते निराळे आहे: सरांनी मला वाचवले नाही, कुणी वाचवावे अशी वेळच माझ्यावर येऊ दिली नाही. आज मी एम.ए. करते आहे ती कोणाच्या शब्दावर नव्हे, आणि हे मला ठाऊक आहे.

सरांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभेल, असे मी लिहिणार नाही. ‘कशावरून?’ असे ते विचारतील आणि माझ्यापाशी उत्तर नसेल. ते लाभावे, एवढेच लिहिते. इच्छेला पुरावा लागत नाही, हेही त्यांनीच शिकवले आहे.

संपादकांकडे पाठविले: रविवार, १२ जानेवारी २०२५, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. वेळ मोबाईलवर स्वतः पाहिली आहे.